शंभरापर्यंत

ओदेराचं रक्त, एक थेंब.
काचपट्टीवर ओढलं, वाळलं, रंग प्यायलं.
आता तेलाच्या टिपक्याखाली मी त्यातून चालते आहे
नागमोडी, एकही वाट दोनदा न तुडवता.
डाव्या हाताखाली मोजणीयंत्र, पाच कळा.
शंभर झाले की घंटी वाजते.

बाहेर बाकावर त्याची आई.
किसुमूच्या धक्क्यावर ओमेना विकते,
बोटभर चंदेरी मासळी, डब्याच्या मापानं.
पोट दुखतं म्हणाली पोराचं, तीन आठवडे झाले.

पहिली कळ. न्यूट्रोफिल.
केंद्रक तीन ठिकाणी आवळलेलं, दोऱ्यानं बांधल्यासारखं.
वास आला की निघायचं, हाच त्याचा स्वभाव.
कोण, किती, कशासाठी, विचारत नाही,
गिळतो आणि गिळलेल्यासकट मरतो.
फोडातून निघतो तो पू म्हणजे बहुतेक हाच.
आयुष्य एखाद्या दिवसाचं.
पुस्तक म्हणतं, शंभरात साठ तरी हवेत.
पुस्तक छापलं दूर कुठेतरी, तिथल्या लोकांचं रक्त मोजून.
आमच्याकडे चाळीसवर धडधाकट पोरं नाचतात,
आणि मी कित्येक वर्षं त्यांच्या कागदावर
लाल शाईनं ‘कमी’ लिहीत आले.

दुसरी कळ. लिंफोसाइट.
गोल, जवळजवळ सगळा केंद्रकच,
कडेला निळसर पाण्याची एक रेघ.
हा धावत नाही. हा ओळखतो.
गोवराची लस ओदेराला नवव्या महिन्यात दिली,
त्याला आठवत नाही, ह्याला आठवते.
त्यांच्यातही फरक असतात: कुणी शस्त्र ओततो,
कुणी रोगट पेशीला गाठून मारतो, कुणी नुसता हुकूम देतो.
पण माझ्या भिंगाला सगळे सारखेच दिसतात.
मी त्यांना एकाच कळीवर मोजते
आणि थोडी ओशाळते.

तिसरी. मोनोसाइट. अवजड, राखी.
रक्तात पाहुणा, मांसात शिरला की घरचा.
मेलेले न्यूट्रोफिल खातो, शत्रूचा तुकडा जपून ठेवतो
आणि लिंफोसाइटला नेऊन दाखवतो: हा बघ.

त्रेसष्टला वीज गेली.
खिडकीकडे आरसा फिरवला, उजेड पकडला.
सरोवर तिथूनच दिसतं.

चौसष्टावा पुन्हा तो.
एओसिनोफिल. नारिंगी दाणे ठासून भरलेले,
ङेगे मासा चिरल्यावर पोटात गाभोळी दिसते तसे.
दोन पाकळ्यांचं केंद्रक, नाकावर चष्मा ठेवावा तसं.
पासष्टावाही तोच. सदुसष्टावाही.
ज्याला कुणी गिळू शकत नाही, एवढा मोठा शत्रू असला
की ह्याचं बोलावणं येतं.
हा चिकटतो आणि अंगातले दाणे शत्रूवर रिकामे करतो,
जंताच्या कातडीला भोकं पडेपर्यंत.
शेजारचं मांसही भाजतं थोडं. त्याला इलाज नाही.

माझं रक्त मीच पाहिलं होतं, शिकताना.
सत्तावीस निघाले.
मास्तर म्हणाले, अपोंडी, पोहतेस वाटतं?
ओदेरालाही तेच विचारलं मी. तो आईकडे बघत राहिला.
उथळ पाण्यात गोगलगायी असतात,
त्यांच्यातून सुटलेलं काहीतरी डोळ्याला न दिसणारं
पोराच्या घोट्यातून आत जातं.
आणि हा शत्रू लिंफोसाइटला लवकर पाठ होत नाही.
वर्षं जातात. तोवर पोरं पोहतातच.

नव्व्याण्णवावा बेसोफिल.
जांभळ्या शाईत बुडालेला, आतलं काही दिसू न देणारा.
शंभरात एखादा. काम काय त्याचं?
खाज, सूज, आणि बाकी कुणाला नीट ठाऊक नाही.
तरी तो दिसला की मला बरं वाटतं.

घंटी.
न्यूट्रोफिल अडतीस, एओसिनोफिल एकतीस,
लाल शाई ह्यावेळी फक्त एकतीसलाच.
हा पुरावा नाही, बोट दाखवणं आहे.
उद्या शौच आणा, म्हणाले, सकाळचं.
मग गोळ्या मिळतील, मोठ्या, कडू, भाकरीबरोबर घ्यायच्या.

ओदेरा म्हणाला, मला बघू दे.
स्टुलावर उभा राहिला, एक डोळा मिटून.
बराच वेळ काहीच बोलला नाही.
“हे सगळे आत्ता माझ्यात आहेत?”
हे मेले, म्हटलं. तुझ्यातले चालू आहेत.

ते गेल्यावर मी हात धुतले.
नळाचं पाणीही सरोवरातलंच.